शस्त्रक्रियेनंतरचा पहारा

शस्त्रक्रियागृहाचे दार उघडते, हिरव्या कपड्यांतले सर्जन बाहेर येतात, 'ऑपरेशन व्यवस्थित झाले' एवढे एकच वाक्य बोलतात आणि बाकावर तीन तास ताटकळलेल्या घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. कुणी देवाला हात जोडतो, कुणी गावी फोन लावतो, कुणी सगळ्यांसाठी चहा सांगायला धावतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात रोज दिसणारे हे दृश्य. आपल्या मनात लढाई तिथे संपलेली असते. राहिले काय, तर टाके काढायचे आणि घरी जायचे.

वैद्यकशास्त्राचा हिशेब मात्र काही वेगळेच सांगतो. भूलशास्त्राने आणि शल्यशास्त्राने एवढी प्रगती केली आहे, की प्रत्यक्ष टेबलावर रुग्ण दगावणे ही आज दुर्मीळ गोष्ट झाली आहे. धोका असतो तो नंतरच्या तासांत आणि दिवसांत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, जगभरात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसे शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत मृत्यू पावतात. एड्स, क्षय आणि हिवताप या तिन्ही रोगांच्या बळींची बेरीज केली, तरी ती याहून कमी भरते. यातले निम्मे मृत्यू आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. या साऱ्यांना शस्त्रक्रियेनेच मारले असे अर्थातच नाही. अनेकांचा मूळ आजारच गंभीर असतो. पण यातले कितीतरी जण वाचू शकले असते, आणि ते वाचवणे सर्जनच्या सुरीपेक्षा वॉर्डातल्या पहाऱ्यावर अवलंबून होते, ही गोष्ट आता निर्विवादपणे सिद्ध झाली आहे.

गुंतागुंत सगळीकडेच

१९९२ मध्ये अमेरिकेतले संशोधक जेफ्री सिल्बर यांनी एक साधा प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रुग्णालयात जास्त रुग्ण दगावतात आणि दुसऱ्यात कमी, असे का? पहिल्या रुग्णालयात गुंतागुंती जास्त होतात म्हणून, की झालेल्या गुंतागुंतीतून रुग्णाला बाहेर काढता येत नाही म्हणून? सामान्य माणसाचे उत्तर ठरलेले असते : 'तिथले डॉक्टर चांगले नसतील.' सिल्बर यांनी दुसऱ्या शक्यतेकडे लक्ष वेधले.

पुढे २००९ मध्ये मिशिगनच्या शल्यचिकित्सकांनी ८४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कमीत कमी मृत्युप्रमाण असलेली रुग्णालये आणि जास्तीत जास्त मृत्युप्रमाण असलेली रुग्णालये यांची तुलना केली. रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडे बंद पडणे यांसारख्या गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. चार रुग्णांमागे एकाला काही ना काही त्रास होतच होता. फरक होता तो पुढे. गंभीर गुंतागुंत झालेल्या दर १०० रुग्णांपैकी चांगल्या रुग्णालयांत साडेबारा दगावत होते, तर वाईट रुग्णालयांत एकवीसहून अधिक. म्हणजे संकट दोन्ही घरी सारखेच आले. एका घरी ते उंबरठ्यावर असतानाच कुणीतरी ओळखले, दुसऱ्या घरी ते माजघरात शिरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

हे उंबरठ्यावर ओळखणारे माणूस कोण? सर्जन दिवसातून एकदा, फार तर दोनदा राउंडला येतात. भूलतज्ज्ञ पुढच्या केसला गेलेले असतात. चोवीस तास रुग्णाच्या आसपास असते ती एकच व्यक्ती : सिस्टर. आता अनेक ठिकाणी 'ब्रदर'ही असतात.

पाहणे ही विद्या आहे

आजाऱ्याकडे पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे आधुनिक जगाला ठासून सांगितले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धातला अनुभव गाठीशी असलेल्या या बाईंनी परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यातले एक संपूर्ण प्रकरण रुग्णाच्या निरीक्षणाला वाहिलेले आहे. नुसती दयाळू वृत्ती पुरत नाही, काय पाहायचे आणि त्याचा अर्थ काय हे कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १८६३ मध्ये रुग्णालयांविषयी लिहिताना, शस्त्रक्रियागृहाला लागून असलेल्या आणि रुग्ण सावरेपर्यंत त्याला ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान खोल्यांचा त्यांनी उल्लेख केला आहे. आजच्या 'रिकव्हरी रूम'चे हे बीज. अशा खोल्या सर्वत्र दिसू लागायला मात्र दुसरे महायुद्ध उजाडावे लागले.

या खोलीत पहिला तास-दोन तास जे चालते, ते घरच्यांना दिसत नाही. भुलीतून बाहेर येणाऱ्या माणसाची जीभ मागे पडून श्वासनलिका बंद होऊ शकते. उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. थंड शस्त्रक्रियागृहातून आल्यामुळे अंग हुडहुडते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध पाहायची, ड्रेसिंग रक्ताने भिजले का ते पाहायचे, असा साधारण शिरस्ता असतो. १९७० मध्ये डॉ. अल्ड्रेटे यांनी यासाठी सुटसुटीत गुणपत्रिका तयार केली. हातापायांची हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण. दहापैकी किमान नऊ मिळाल्याखेरीज रुग्णाला वॉर्डात पाठवायचे नाही. नवजात बाळाला जन्मतःच जसे गुण देतात, तसाच हा प्रकार. शुद्धीवर येणे हाही एका अर्थी जन्मच की!

टीपीआरचा तक्ता

वॉर्डात आल्यावर रुग्णाच्या पायथ्याशी किंवा सिस्टरच्या टेबलावर एक कागद लागतो. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन, म्हणून त्याला सगळे 'टीपीआर' म्हणतात. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि लघवीचे मोजमाप यांचे आकडे त्यावर चढत जातात. नातेवाइकांना तो कारकुनी कागद वाटतो. वास्तविक ती रुग्णाच्या शरीराने लिहिलेली रोजनिशी असते. वाचता आली पाहिजे, एवढेच.

समजा, पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दुसरी रात्र. दहा वाजता नाडी ९२, श्वास मिनिटाला २०, रक्तदाबाचा वरचा आकडा १२४, रक्तातला ऑक्सिजन ९६. सारे ठीक. दोन वाजता नाडी १०४, श्वास २२, रक्तदाब ११८, ऑक्सिजन ९५. रुग्ण म्हणतो, 'जरा अस्वस्थ वाटतंय.' चार वाजता नाडी ११४, श्वास २४, रक्तदाब १०८, ऑक्सिजन ९४. यातला एकेक आकडा सुटा पाहिला, तर घाबरण्यासारखे काहीच नाही. १०८ रक्तदाब तर कित्येक निरोगी माणसांचा असतो. पण ओळीने वाचा : नाडी चढते आहे, श्वास चढतो आहे, दाब उतरतो आहे. आत कुठेतरी रक्तस्राव सुरू असेल किंवा आतड्याचा सांधा गळत असेल. सहा वाजता दाब ८८ वर येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि मग धावाधाव होते. दोन वाजताची धावाधाव आणि सहा वाजताची धावाधाव यांत माणसाच्या जिवाचे अंतर असते.

असे का होते? रक्त कमी होऊ लागले, की शरीर आपली अब्रू झाकते. हृदय वेगाने धावते, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून मेंदू आणि हृदयाकडचा पुरवठा टिकवला जातो. त्यामुळे एकूण रक्ताच्या जवळपास तीस टक्के, म्हणजे प्रौढ माणसाचे सुमारे दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहू शकतो. रक्तदाब ही उशिरा मिळणारी बातमी आहे. आधी बोलतात ते नाडी आणि श्वास. लघवीही लवकर बोलते. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला किमान तीस मिलिलिटर लघवी व्हावी, अशी अपेक्षा असते. पिशवीतली पातळी दोन-तीन तास हललीच नाही, तर मूत्रपिंडांना रक्त कमी पडते आहे अशी शंका घ्यायला हवी. पिशवी नुसती रिकामी करणे आणि ती तासागणिक मोजणे यांत म्हणूनच फरक आहे.

यातही सर्वाधिक उपेक्षित आकडा श्वासाचा. तो मोजायला यंत्र लागत नाही; घड्याळ आणि एक मिनिट लागते. नेमका तोच मिनिट कामाच्या गर्दीत काढला जात नाही आणि प्रत्येक खाटेसमोर १८ किंवा २० असा ठरलेला आकडा पडतो. ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच श्वासाच्या गतीला 'दुर्लक्षित' म्हटले होते.

अशा रुग्णांची चाहूल लवकर लागावी, म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक राष्ट्रीय गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना शून्यापासून तीनपर्यंत गुण. इथे गुण जितके जास्त तितकी प्रकृती वाईट. पाच झाले, की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. सात झाले, की आणीबाणी. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांचे गुण दहा वाजता एक, दोन वाजता चार आणि चार वाजता सहा भरतात. म्हणजे दोन वाजताच सिस्टरला सावध होता आले असते, आणि चार वाजता 'डॉक्टरांची झोप कशाला मोडू' हा संकोच उरलाच नसता. नियमच सांगतो, उठवा.

यंत्रावर हवाला नको

'पण आता मॉनिटर असतात ना?' असे कुणी विचारील. असतात, आणि त्यांनी फार मोठे काम केले आहे. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजण्याची युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधली. कोरोनाच्या साथीत तो चिमटा आपल्या घराघरात आला. त्याच साथीत, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी वारले.

पण या चिमट्याच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. वेदनेसाठी मॉर्फिनसारखे औषध दिलेल्या रुग्णाचा श्वास मंदावू शकतो. मिनिटाला आठ किंवा त्याहून कमी झाला, तर ती धोक्याची घंटा. मात्र नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर श्वास मंदावूनही चिमटा बराच वेळ ९८ दाखवत राहतो. घोरत पडलेल्या रुग्णाकडे पाहून 'छान झोप लागली आहे' असे नातेवाईक म्हणतात, यंत्रही दुजोरा देते. रुग्णाला हाक मारून जागे करणारी, छातीची हालचाल मोजणारी सिस्टरच तिथे कामाची. गार पडलेला हात, घामेजलेले कपाळ, फुगत चाललेले पोट, 'मला काहीतरी होतंय' हे शब्द, यांपैकी एकही गोष्ट मॉनिटरच्या पडद्यावर उमटत नाही.

पुन्हा परिचर्या म्हणजे केवळ मोजणे नव्हे. 'ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच' असे म्हणून वेदना सोसायला लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण पोटावर टाके असलेला आणि वेदनेने कळवळणारा माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनियाला आमंत्रण मिळते. वेळेवर दिलेले वेदनाशामक, फुंकणी ओढायला लावायचे ते तीन गोळ्यांचे यंत्र आणि लवकरात लवकर खाटेवरून खाली उतरवणे, हा त्यावरचा उपाय. निजून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्त गोठते आणि ती गाठ फुप्फुसात जाऊन क्षणात घात होऊ शकतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात वेदनामुक्ती, लवकर खाणे आणि लवकर चालणे यांची सांगड घालून दाखवली, तेव्हापासून 'विश्रांती' या शब्दाचा अर्थच बदलला. म्हणून दुसऱ्या दिवशी सिस्टर उठवून बसवू लागली, तर तिला निर्दय समजू नये.

परिचर्या कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या निर्घृण हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले आणि अंगाला व्रण पडू दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. बेचाळीस वर्षे नियमाने कूस बदलत राहणे हे मायेचे काम तर आहेच, पण ते कसबाचेही आहे.

हात किती?

हे सारे करायला हात हवेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास मांडला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्त सोपवला, की प्रत्येक जादा रुग्णागणिक तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या पाहणीतही तोच सात टक्क्यांचा आकडा आला. शिवाय परिचारिकांचे शिक्षण जितके उच्च, तितके मृत्यू कमी, हेही दिसले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदाच केला; तिथे शस्त्रक्रियेच्या साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचहून अधिक रुग्ण देता येत नाहीत.

आपल्या भारतीय परिचर्या परिषदेची शिफारसही कागदावर उत्तम आहे : शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाच रुग्णांमागे एक. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री फेरफटका मारणाऱ्याला काय दिसते, हे वाचकांना सांगायला नको. खाटा भरून जमिनीवर गाद्या आणि सगळ्यांमागे एक-दोन सिस्टर. औषधे, इंजेक्शने, सलाईन, नवे दाखले, रजिस्टरे यांतून श्वास मोजायचा मिनिट तिने आणायचा कुठून? अनेक खासगी नर्सिंग होममध्ये चित्र निराळे असले, तरी बरे नसते. पांढरा किंवा निळा गणवेश असतो, पण आतली मुलगी तीन वर्षांचा जनरल नर्सिंगचा किंवा चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम केलेली असेलच असे नाही. पुष्कळदा हाताखाली काम करून शिकलेली असते. ती कष्टाळू असते यात शंका नाही. परंतु वर सांगितलेला तक्ता ओळीने वाचायला तिला कुणी शिकवलेले नसते.

याची मुळे खोल आहेत. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मुली, विधवा स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या, तेव्हा 'चांगल्या घरच्या बायकांनी परक्यांची उष्टी-खरकटी आणि मलमूत्र काढायचे का?' असा समाजाचा सूर होता. काळ बदलला, पण परिचर्या म्हणजे हलके काम ही समजूत पगाराच्या आकड्यातून अजून डोकावते. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने लहानात लहान खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. किती ठिकाणी ते मिळतात, हे ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला विचारून पाहावे. ज्यांना शक्य असते, त्या आखातात, इंग्लंड-आयर्लंडमध्ये निघून जातात. मागे राहणाऱ्यांवर आणखी चार खाटांचा भार पडतो.

घरच्यांनी काय करावे?

आपल्याकडे रुग्णाजवळ घरचे माणूस थांबतेच. ही आपल्या व्यवस्थेची उणीव भरून काढणारी मोठी शक्ती आहे. फक्त ती योग्य जागी वापरली पाहिजे. डॉक्टरांना न विचारता पाण्याचा घोट किंवा शहाळे देऊ नये. सलाईनचा वेग आपल्या हाताने वाढवू नये. खाटेभोवती आठ जणांचे संमेलन भरवू नये. उलट रुग्णाला दर तासाला खोल श्वास घ्यायला आणि पाय हलवायला आठवण करावी.

सर्वांत मोलाचे काम निराळेच आहे. सिस्टर त्या माणसाला काल भेटलेली असते, तुम्ही तीस वर्षांपासून ओळखता. 'हे नेहमीसारखे बोलत नाहीत', 'हिचा चेहरा उतरलाय' ही गोष्ट प्रथम तुमच्या लक्षात येते. ती निःसंकोच सांगावी, आणि एकदा सांगून भागले नाही तर पुन्हा सांगावी. ब्रिटनमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला झालेल्या इजेनंतर २०२१ मध्ये रुग्णालयात जंतुसंसर्गाने दगावली. आईवडिलांनी वारंवार काळजी बोलून दाखवली होती. वेळीच अतिदक्षता विभागात हलवले असते, तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्यातून २०२४ मध्ये तिथल्या अनेक रुग्णालयांत तिच्याच नावाचा नियम लागू झाला : प्रकृती ढासळते आहे असे घरच्यांना वाटले, तर त्यांना दुसऱ्या डॉक्टरांच्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. आपल्याकडे असा नियम नाही. पण विचारायला कायद्याची गरज नसते.

घरी आल्यावर हा पहारा पूर्णपणे आपल्याकडे येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमुळे रुग्ण एक-दोन दिवसांतच घरी येतो, आणि जंतुसंसर्ग किंवा आतड्याच्या सांध्याची गळती पुष्कळदा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, फुगलेले पोट, जखमेतून पू किंवा लाली, एका पोटरीला सूज, धाप, कमी झालेली लघवी, यांपैकी काहीही दिसले तर 'उद्या दाखवू' म्हणू नये. रुग्णालय सोडतानाच, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा हे लिहून घ्यावे.

आणि एक काम त्याही आधीचे. शस्त्रक्रिया ठरली, की आपण सर्जनची ख्याती विचारतो, खर्च विचारतो, विम्याचे विचारतो, खोली एसी आहे का विचारतो. त्या यादीत आणखी दोन प्रश्न घालावेत. रात्री किती रुग्णांमागे एक प्रशिक्षित सिस्टर असते? आणि रात्री प्रकृती बिघडली तर बघायला डॉक्टर कोण, ते किती मिनिटांत पोहोचतात? पहिल्यांदा हे प्रश्न ऐकून स्वागतकक्षातली मंडळी चक्रावतील. दहाव्या माणसाने विचारले, की उत्तर तयार ठेवतील. शंभराव्या माणसाने विचारले, की कदाचित आणखी एक सिस्टर नेमतील.